अळकुडीचे बाओ आज संपले

कीलुंग
जुन्या पंचांगाचा बारावा महिना, तिथी चार

मानछिंग,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. पत्र निदान दारातून आत तरी घ्यावं लागतं. तुझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवतेय. भावजयीने आधी उघडून वाचलं तर तिलाही माझा नमस्कार सांग.

तू बरी असशील. मीही बरी आहे. काम एवढंच, की मला तुझ्या अळकुडीच्या पुरणाची कृती हवी आहे.

झालं असं. काल एका मासिकाची बाई आली होती. नव्या वर्षाच्या अंकात त्या लोकांना छापायचंय, कीलुंगला गेलात तर कुठल्या दुकानात काय खाल्ल्याशिवाय परत फिरू नये. मला म्हणाली, तुमच्याकडे खायलाच हवं असं काय? मी म्हटलं, सगळंच. ती हसली आणि म्हणाली, सगळं छापत नाहीत, निवडून सांगा. मग मी बोलत बसले नाही, टेबलावर आणून ठेवलं.

आधी अर्थातच रश्शाचे बाओ, वाफेच्या करंडीतून गरमागरम. बाईंनी पावाचा घास घ्यावा तसा घास घेतला आणि गरम रस्सा हनुवटीवरून थेट पांढऱ्या झग्यावर. एवढी खाण्यावर लिहिणारी, आणि बाओ चमच्यात ठेवून आधी कडेला भोक पाडायचं हे ठाऊक नाही. मग तिखट तेलातले पातळ पारीचे हुनतुन दिले. त्यावर तिने काळं व्हिनेगर मागून घेतलं, तेव्हा मला ती जरा बरी वाटली. मग कोंबडीचं सूप, अंडं घालून परतलेला भात, लसणीची काकडी. भाताला ती म्हणाली, शितं कशी मोकळी आहेत. मोकळी असणारच, कालचा भात आहे, पण ते काही मी सांगितलं नाही.

आणि मग पुसते कशी, तुमच्याकडे गोडाचे बाओ असतात ना, अळकुडीचं पुरण घातलेले? तिची मैत्रीण मागच्या वसंतात खाऊन गेली होती. म्हणे खरं तर त्याच्यासाठीच आले.

मी म्हटलं, आज संपले.

बाईंची पाठ वळते न वळते तोच वांगबाई मोरीतून मोठ्याने म्हणाली, "उन्हाळ्यात मानछिंग गेली, तेव्हापासून रोज आजच संपताहेत ते." हो, वांगबाई अजून आहे. करंड्या धुते आणि जिभेलाही धार लावते.

तर कृती पाठव. अंक आला की लोक मागायला येणार, आणि रोज रोज काय सांगू. दुसरं काही लिहायची गरज नाही. अक्षर जरा हललेलं दिसेल, टेबलाचा एक पाय डुगडुगतो.

चिनफेंग

ता. क. तुझं लाटणं इथेच राहिलंय. पाठवत नाही. टपालात तुटतात अशा वस्तू.


बारावा महिना, तिथी अकरा

मानछिंग,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला ह्वालिएनचा समुद्र, मागे चार ओळी. अळकुडी वाफेवरून काढल्या काढल्या गरम असतानाच चेचायची, चरबी शेवटी घालायची, साखर अंदाजाने नाही, मापाने. नीट लिहिलंयस. समजलं सगळं.

पण वर काय लिहिलंस, तेही वाचलं मी. 'चिनफेंग मावशी यांस.'

मावशी. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ 'आई, मीठ बघा', 'आई, वाफ आली'. लग्नाच्या सकाळी मला चहाचा पेला दोन हातांनी दिलास तेव्हापासूनचं ते 'आई'. आता कचेरीत घटस्फोटाच्या दोन सह्या झाल्या आणि मी मावशी झाले. बरोबर आहे म्हणा. रीतीप्रमाणे मी आता तुझी कोणीच नाही, मावशी म्हणालीस हाच मान. पण मला लागलं ते. लागलं म्हणून सांगतेय, उगाच आतल्या आत कुढत बसणारी बाई मी नाही, हे तुला माहीत आहे.

तुम्ही दोघं कचेरीत जाऊन आलात, तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी वांगबाईकडून कळलं.

असो. तर कृतीप्रमाणे केलं. चिनशानची चांगली मोठी अळकुडी आणली. सोलतानाच हाताला अशी खाज सुटली की कोपरापर्यंत लाल. चेचली, साखर मापून घातली, चरबी शेवटी. चव बरी आली, खोटं कशाला बोलू. पण पुरण ओलं राहिलं आणि पारीत भरताना पारी फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. वांगबाई म्हणाली, "पुरणाला नाव ठेवू नका, पारी जाड-बारीक लाटलीये तुम्ही." मी म्हटलं, मी लाटायला लागले तेव्हा तू पाळण्यात होतीस. ती म्हणाली, "तेव्हा लाटत असाल नीट."

थंडी फार आहे यंदा. लाटणं धरलं की उजव्या हाताची दोन बोटं झोपी जातात. शेकलं की उठतात. त्यात काही नाही.

कुओलुंग बघत होता. म्हणाला, आई, कशाला जीव काढतेस, तायपेईत यंत्र मिळतं, एका बाजूने पीठ घाला, दुसऱ्या बाजूने बाओ. चुण्यासुद्धा घालतं ते. यूशिननेच त्याला दाखवलंय, म्हणजे आता जिच्याशी त्याचं जुळलंय तिने. ती आता रोज दुपारी येते आणि गल्ल्यावर बसते. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं. वाईट नाही पोरगी. हसते, उठून खुर्ची देते. पण परवा तिने चमच्याने रश्शाचा बाओ दाबून पाहिला, गादी घेताना दाबतात तसा.

नव्या वर्षानंतर यंत्र आणायचं, असं त्यांचं चाललंय. यंत्र आलं की मी खुर्चीवर, आणि भट्टीवर कोणी नाही.

आता मुद्द्याचं बोलते. तू इथे कामाला ये. नवरा म्हणून कुओलुंग तुझा कोणी नाही, मान्य. मालक म्हणूनही तो तुझा कोणी असणार नाही, मालकीण मी आहे. माडीवरची मागची खोली रिकामी करून घेते. तायपेईतल्या दुकानांत मुख्य कारागिराला देतात तेवढा पगार देईन, आणि सोमवारी सुट्टी. भट्टीजवळ कोणी येणार नाही, कोणी बोलणार नाही. मीसुद्धा नाही, जमेल तितकं.

उत्तर लवकर दे. मला हल्ली एका जागी बसवत नाही. बसले की वाटतं, काहीतरी उतू जातंय.

चिनफेंग


बारावा महिना, तिथी सतरा

मानछिंग,

'मी इथे न्याहारीच्या दुकानात कामाला लागले आहे. बरं चाललं आहे. आभार.' हे तुझं उत्तर. कार्डावर पुन्हा तोच समुद्र. ह्वालिएनला दुसरं काही छापतच नाहीत वाटतं.

न्याहारीच्या दुकानात. तू. पहाटे उठून पोळीवर अंडं फोडतेस आणि सोयाबिनचं दूध पिशवीत भरतेस. तुझ्या हातची चुणी बघायला तायचुंगहून एक म्हातारा शिफू, मुरलेला उस्ताद, आला होता आणि चहा थंड होईपर्यंत नुसता बघत राहिला होता. मी तेव्हा तुझं कौतुक केलं नाही. तू शेफारू नयेस म्हणून. सासूने सुनेचं तोंडावर कौतुक करायचं नसतं, माझ्या सासूने माझं केलं नाही, तिच्या सासूने तिचं. आता कळतंय की तुला पगाराचं बोलून मी हात दाखवून अवलक्षण केलं. घरच्या माणसाला कोणी पगार सांगतं का, असं तुला वाटलं असणार. किंवा उलटं, आता घरची नाही म्हणून पगार सांगितला, असं. काहीही वाटलं तरी माझंच बोलणं वाकडं.

तुला काल रात्रीच्या जेवणाचं सांगायचंय, कारण वांगबाईची बहीण ह्वालिएनलाच असते आणि तिच्याकडून तुला तिखटमीठ लावून कळेल. त्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

वर्षअखेरचं कामगारांचं जेवण होतं. नेहमीसारखं दुकान बंद केलं, मोठं गोल टेबल लावलं, मधलं फिरतं तबक बसवलं. कोंबडी मी केली. हल्ली लोक डोकं कापूनच कोंबडी वाढतात, म्हणजे कोणाच्या पोटात गोळा यायला नको. पण मला डोक्याशिवाय कोंबडी अर्धवट वाटते. मी आपली अख्खी ठेवली.

डोकं कुओलुंगकडे गेलं.

तबक फिरतं, मी काय करू? कोणी भाताकडे हात घालतं, कोणी माशाकडे, ते फिरत राहतं आणि कुठेतरी थांबतं. पण टेबलावर एकदम सगळे हात थांबले. चॉपस्टिक हवेत. ज्याच्याकडे डोकं, त्याची नोकरी संपली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. यूशिनने तबक पटकन फिरवलं तर ते तिच्यासमोर गेलं. तिचा चेहरा बघवेना.

कुओलुंग उठला नाही, ओरडला नाही. हळूच म्हणाला, "आई, सरळ बोलली असतीस तरी चाललं असतं."

मी म्हटलं, तबक फिरतं.

तो म्हणाला, "तुझ्या हातात असलेलं तबक कधी आपोआप फिरलंय?"

जेवून मग गेला. आज आला नाही. भट्टीवर मी आणि वांगबाई. आज रश्शाचे बाओ अर्ध्या करंड्याच केले, बाकी गिऱ्हाइकांना भात आणि सूपावर भागवलं. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा बाओ चमच्यात घ्यायच्या आधीच फुटला आणि रस्सा करंडीतून खाली गेला. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी काही चूक केली असं मला वाटत नाही. आपला मुलगा झाला म्हणून काय झालं. पण रात्री जेवण उतरलं नाही.

चिनफेंग


बारावा महिना, तिथी पंचवीस

मानछिंग,

यावेळी कार्डसुद्धा नाही. बरं.

अंक आला. आपलं दुकान चवथ्या पानावर आहे. तिने लिहिलंय, रश्शाचे बाओ खायलाच हवेत, हुनतुन खायलाच हवेत, काकडी आधी मागवा कारण ती लवकर येते आणि भूक धीर धरते. आणि शेवटी लिहिलंय, अळकुडीचे बाओ मला मिळाले नाहीत, ते लवकर संपतात, तुम्ही सकाळी जा. म्हणजे तिने न खाताच त्यांना सगळ्यांत मोठं केलं. आता सकाळी सकाळी छत्र्या घेऊन लोक दाराशी उभे. इथे पाऊस थांबलेलाच नाही, तरी उभे. काल एक बाई मुलांना घेऊन शिंचूहून आली होती. मी म्हटलं, आज संपले. ती घड्याळाकडे बघून म्हणाली, तुम्ही आत्ताच तर उघडलंत. मग मी तिला फुकट सूप दिलं.

काल चुलीच्या देवाला वर पाठवलं. तो जाऊन वरच्या सम्राटाला वर्षभराचं घरातलं सगळं सांगणार, म्हणून त्याच्या तोंडाला गोड चिकट वडी फासतात ना. यंदा मी दोन फासल्या. एवढं काय काय बघितलंय त्याने यंदा, एका वडीने त्याचं तोंड बंद होणार नाही. उभ्या उभ्याच त्याला म्हटलं, कुओलुंगचं सांगू नकोस, कोंबडीचं सांगू नकोस, आणि डॉक्टरकडे गेले होते तेही सांगू नकोस.

तुला सांगते. बोटं थंडीने झोपत नाहीत. मानेतली शीर दबलीये म्हणे, हात असाच राहील, कदाचित आणखी जाईल. लाटणं बंद करा म्हणाला. तरणाताठा डॉक्टर, मला म्हणतो, आता आराम करायचं वय झालं. मी म्हटलं, आराम कसा करतात ते लिहून द्या. टेबलाचा पाय ठीक आहे. मीच डुगडुगते.

हे मी तुला दया यावी म्हणून लिहीत नाहीये. दया मला आवडत नाही, तुलाही आवडत नाही. लिहितेय कारण कोणाला तरी सांगावं लागतं आणि घरात दुसरं कोणी नाही.

आता ऐक. पगाराचं विसर. कामाचं विसर. वर्षअखेरच्या रात्रीच्या जेवणाला घरी ये. आपल्या जागेवर बस. कुओलुंग येणार आहे, काल फोनवर तसं म्हणाला, यूशिनला आणणार आहे. आणू दे. तुझी जागा माझ्या उजव्या हाताला होती, तिथे कोणाला बसू देणार नाही. सह्या तुम्ही केल्यात, मी केली नाही. माझ्या लेखी तू सूनच आहेस.

ये म्हणजे ये. मासा तुला आवडतो तसा करते.

चिनफेंग


नव्या वर्षाचा पहिला दिवस

मानछिंग,

टपाल बंद आहे. तरी लिहायला बसलेय. आज झाडू मारायचा नाही, सुरी हातात घ्यायची नाही, आणि मला तर रिकामं बसता येत नाही.

काल तू आली नाहीस. तू येणार नाहीस, हे मला चुलीवर मासा ठेवतानाच कळलं होतं. तरी मी तुझं भांडं मांडलं. जे घरचं माणूस दूर आहे, त्याचं भांडं आणि चॉपस्टिक वर्षअखेरीला मांडतात, म्हणून मांडलं. माझ्या उजव्या हाताला. मनात काही कपट नव्हतं, देवाशपथ.

यूशिन आली, तिने जागा मोजल्या आणि विचारलं, अजून कोण येणार आहे? मी म्हटलं, मानछिंग. ती उठली, स्वतःचं भांडं उचलून टेबलाच्या पार टोकाला जाऊन बसली, रडलीबिडली नाही. मला त्या पोरीबद्दल पहिल्यांदा वाईट वाटलं. पहिल्या वर्षअखेरीला माणूस नव्या घरी येतं आणि त्याच्यासमोर पहिलीचं भांडं. आणि तुझं काय? तू खरंच आली असतीस, तर मी तुला कुठे बसवणार होते? माझ्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला तो, आणि समोर ती. माझ्या डोक्यात हे आधी आलंच नाही. मला फक्त टेबल पूर्वीसारखं दिसायला हवं होतं.

कुओलुंग म्हणाला, "आई, तुला ती हवी आहे ना? मग तिला माझी बायको म्हणून का मागतेस? ती माझी बायको नाही म्हणूनच तर गेली."

मी म्हटलं, मग स्वयंपाकघर कोणाला देऊ? यंत्राला?

त्यावर त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या. मग म्हणाला, "तू मला कधी विचारलंस का, मला बाओ करायचेत का? लहानपणापासून अंगाला तो वाफेचा वास. शाळेत मुलं नाक धरायची. यंत्र मी तुझ्यासाठी बघत होतो, तुझे हात बघवत नाहीत म्हणून. देऊन टाक तिला दुकान. मला नको आहे."

त्याला माझ्या हाताचं माहीत होतं. मी कोणाकोणापासून लपवत होते देव जाणे. मला आधी राग आला आणि मग इतकं हलकं वाटलं की मी माशाचा दुसरा तुकडा घेतला. तुझं भांडं शेवटी यूशिननेच धुतलं, नीट धुतलं.

आज दुपारी तुझ्या भावाकडे फोन केला, नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. भावजयीने उचलला. म्हणाली, मानछिंग फिरायला गेलीये. मी म्हटलं, पहिल्या दिवशी? ती म्हणाली, परवापासून. स्टेशनसमोर सायकली भाड्याने देतात ना, त्यांच्या माडीवर खोली घेतलीये तिने.

म्हणजे काल रात्री ती तिथे जेवली का, असं मी विचारलं.

भावजय जराशी अडखळली. म्हणाली, "मी नाही घालवलं तिला, मावशी. रीतच आहे. दिलेल्या लेकीने त्या रात्री माहेरी जेवलं की भावाचं घर धुऊन जातं म्हणतात. तीच आपण होऊन गेली, आम्ही काही बोलायच्या आधी. उद्या सकाळी येईल ना, लेकी येतात त्या दिवशी."

फोन ठेवला आणि उभीच राहिले. सगळ्या देशातलं एकूण एक माणूस काल कोणाच्या ना कोणाच्या टेबलाशी होतं. दुकानं बंद, भट्ट्या बंद. तू काय खाल्लंस? स्टेशनवरच्या चोवीस तास उघड्या दुकानातला डबा गरम करून घेतला असशील, आणि त्या काउंटरवरच्या पोरीने तुला नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या असतील. इथे भांडं होतं, माणूस नव्हतं. तिथे माणूस होतं, भांडं नव्हतं. आणि मी इथे बसून तुला सूनपण शिकवत होते.

मग मी देव्हाऱ्यापुढे गेले. उदबत्ती लावली, कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या आणि तुझ्या सासऱ्यांना विचारलं, तिला सून म्हणून परत आणू का? टाकल्या. दोन्ही पालथ्या. नाही म्हणाले. जिवंतपणी माझ्या कुठल्या गोष्टीला एवढ्या लवकर नाही म्हणाले नव्हते. मग चिडून विचारलं, तर मग कोण म्हणून आणू? दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे हसले. हसणारच, असा प्रश्न विचारल्यावर ते बिचारे लाकडाच्या तुकड्यांतून काय सांगणार. त्यांना हो किंवा नाही एवढंच येतं.

गुडघे दुखायला लागले होते. खाली बसून तिसऱ्यांदा विचारलं. एक पालथी पडली, एक उताणी, म्हणजे हो. परत टाकल्या, परत तसंच. आणखी एकदा टाकल्या, कारण मी शंकेखोर आहे. तेच.

काय विचारलं ते उद्या सांगते. आता पहाटेची गाडी बघायचीये.


दुसरा दिवस, गाडीत

यीलान जवळ आलंय. खिडकीतून कासवबेट दिसतंय. डबा बायकांनी भरलाय. प्रत्येकीच्या मांडीवर भेटीची लाल पेटी, शेजारी नवरा, पायात पोरं. सगळ्या माहेरी निघाल्यात. समोरची मला म्हणाली, आजी, तुम्हीही माहेरी? मी म्हटलं, नाही, लेकीला आणायला. ती म्हणाली, किती छान, आता कोण जातं न्यायला.

मला लेक नाही. म्हणून आमच्या घरात आजचा दिवस कधी सण नव्हताच. तुझ्या हातात बाओंचा डबा देऊन तुला स्टेशनवर सोडायचे, घरी येऊन करंड्या घासायचे आणि संध्याकाळ व्हायची वाट बघायचे. तेव्हा वाटायचं दुकानाची वाट बघतेय.

हेच विचारलं होतं देव्हाऱ्यापुढे. लेक म्हणून आणू का.

हे पत्र सायकलवाल्या बाईच्या हाती वर पाठवतेय. मी वर येणार नाही, तुला 'हो' म्हणायला भाग पाडल्यासारखं होईल, आणि मला जिने झेपत नाहीत. खाली उभी आहे. भावाकडे जायचं असेल तर आधी जाऊन ये, मी थांबते. नाही म्हणालीस तर संध्याकाळच्या गाडीने परत जाईन आणि पुढच्या वर्षी याच दिवशी याच गाडीने येईन, हात चालो न चालो. तू मला मावशी म्हणालीस तरी येईन.

घरात कोणी नाही. कुओलुंग यूशिनच्या आईवडिलांकडे गेलाय, आजच्या दिवशी जावई तिकडे जातात तसा. दुकानाचं बोलायचं असेल तर उद्या बोलू, परवा बोलू. आज तुला भट्टीपाशी जायचं नाही. लेकीने आजच्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो. तू ताटावर बसायचं, बाओ मी करणार. पारी जाड येईल, चुण्या वाकड्या येतील, निम्मे फुटतील आणि रस्सा करंडीतून वाहून जाईल. लेकी आईच्या हातच्याला नावं ठेवत ठेवत खातात, तसे खा.

आई